इंजिन सुरू होईपर्यंतचं ध्यान

गप्प बसणाऱ्या माणसांचे किस्से फार साठतात. बडबड्यांचं बरं असतं, ते जागच्या जागी बोलून मोकळे होतात. पण सात-आठ माणसं रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून शेजारी शेजारी बसली, आणि अशी दहा-बारा वर्षं बसली, की त्या गप्प बसण्यातून जेवढं हसू निघतं तेवढं एखाद्या नाटक कंपनीतूनही निघायचं नाही.

परवा नातसुनेनं विचारलं, "आजोबा, मेडिटेशननं स्ट्रेस खरंच जातो का हो?" ती कुठल्याशा क्लासला जाते, तिथे मऊ गाद्या असतात म्हणे, आणि मंद वासाच्या मेणबत्त्या. मी हसायलाच लागलो. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती हो! मला एकदम भाताची गिरणी आठवली.

गोष्ट सुरू होते स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांत. पनवेल तेव्हा लहान होतं. मी कोर्टात कारकून होतो, न्यायाधीशसाहेबांच्या पायाशी बसून कागद सरकवायचं काम. साहेबांच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. ती वाजली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. पुढे पुढे तर घंटी वाजायच्या आधीच धडधडायला लागलं! एकदा या धडधडीत मी शाईची दौत एका खरेदीखतावर उपडी केली. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर साठ्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हृदय तुमचं घोड्याचं आहे. घाबरट आहे तो वर बसलेला स्वार!"

"मग औषध?"

"औषध घोड्याला देता येतं. स्वाराला नानांकडे पाठवा."

\* \* \*

नाना म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सडपातळ, काळी टोपी, बोटांना खडूची सवय इतकी की बोलताना हवेत रेघा काढायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहायचे. रोज सकाळी सव्वासहाला गिरणीच्या पुढच्या पडवीत ते ध्यान शिकवायचे. गिरणीच का? तर मालकानं जागा फुकट दिली होती आणि पावणेसातपर्यंत तिथे शांतता असायची. बसायला गोणपाट. वास कोंड्याचा. घंटा नाही, शंख नाही, फोटो नाही, हार नाही. नियम एकच, इंजिन सुरू झालं की ध्यान संपलं.

पहिल्या दिवशी नाना म्हणाले, "डोळे मिटा आणि मनात काय येतंय ते बघत बसा. आवडलं तरी बघा, नाही आवडलं तरी बघा."

मी बसलो. अर्ध्या तासानं मागून इंजिनाचा पहिला बार उडाला, "धडाम!", आणि मी गोणपाटावरून वीतभर वर उडालो.

"काय दिसलं?" नानांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "साहेबांची घंटी."

"छान. मला अजून चौथी अ दिसते. चाळीस पोरं, सगळी एकदम."

"अजून? पण तुम्ही तर किती वर्षं ध्यान करताय!"

"वीस."

"मग उपयोग काय झाला?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "आता मी त्यांची हजेरी घेत नाही!"

\* \* \*

धर्मा पाटील आमच्यात कसा आला ते ऐका.

धर्मा खाडीपलीकडचा, उलव्याच्या बाजूचा. भातशेती आणि मिठागर. रेड्यासारखा धिप्पाड माणूस, पण पोटात सारखं जळायचं आणि झोप यायची नाही. चुलतभावाशी मिठागराच्या बांधावरून दावा चालला होता, तो डोक्यात. डॉक्टर साठ्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी तोबा गर्दी. त्यांनी धर्माला तपासलं, काही न बोलता चिठ्ठी लिहिली आणि हातात दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ध्यान. रोज सकाळी, अर्धा तास, उपाशीपोटी."

धर्माला वाचता येत नव्हतं. तो सरळ औषधांच्या दुकानात!

दुकानदारानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. डॉक्टरांचं अक्षर असं की पाऊस पडून गेल्यावर कोंबडी चिखलात नाचून गेली असावी. पण ग्राहक परत पाठवायचा नाही, हा त्याचा बाणा. म्हणाला, "हे आत्ता शिल्लक नाही. मुंबईहून मागवतो. तोवर हा ओव्याचा अर्क घ्या."

आठवड्यानं धर्मा दवाखान्यात हजर. "डाक्टर, ध्यान काय आजून येत नाय."

डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "अहो पाटील, ते असं आठवड्यात येत नसतं. कुणाकुणाला वर्ष लागतं."

"वरीस? मुंबैवरशी यायला?"

"मुंबईचं काय घेऊन बसलात! मला स्वतःला अजून नीट आलेलं नाही!"

धर्माला फार वाईट वाटलं. "तुमाला पन नाय दिला त्यांनी?"

शेवटी चिठ्ठीचा उलगडा झाला तेव्हा डॉक्टर खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः धर्माचा हात धरून त्याला गिरणीत घेऊन आले. वर नानांना म्हणाले, "माल पोचला. सही करा!"

पोटातली जळजळ मात्र अर्कानंच थांबली होती. हे डॉक्टरांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

\* \* \*

धर्माचं बांधावरचं प्रकरण आमच्याच कोर्टात होतं. त्यामुळे हा किस्सा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

प्रतिपक्षाचे वकील मोठे खमके. नाव नको, त्यांचे नातू अजून पनवेलात वकिली करतात. त्यांची हातोटी अशी की साक्षीदाराला टोचून टोचून संताप आणायचा, मग तो रागाच्या भरात नको ते बोलून बसायचा. मागच्या तारखेला धर्मा असाच पिंजऱ्यातून ओरडला होता, "या, बांधावं या, मंग दाखवतो!" साहेबांनी ताकीद दिली होती, पुन्हा असं झालं तर याद राखा. बांध हातचा जायची वेळ आली होती.

नानांनी त्याला शिकवलं, "राग आला की लगेच बोलायचं नाही. दहा श्वास मोजायचे." धर्माला श्वास मोजायला जमेना. मध्येच विसरायचा. मग त्यानंच तोड काढली. मिठागरावर मिठाच्या पाट्या मोजायची त्याला लहानपणापासून सवय. एक श्वास म्हणजे एक पाटी!

तारखेला वकिलांनी पहिलाच प्रश्न तिरका टाकला. "तुमच्या वडिलांनी हा बांध चोरून सरकवला, हे खरं ना?"

आख्खं कोर्ट धर्माकडे बघायला लागलं. धर्मानं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. "एक पाटी... दोन पाटी..."

"साक्षीदार काय म्हणतो आहे?" साहेबांनी मला विचारलं.

मी उठून कान दिला. "साहेब, पाच पाट्या झाल्या."

दहा पाट्या भरल्यावर धर्मानं डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाला, "नाय. खोटं हाय."

दुसरा प्रश्न. पुन्हा दहा पाट्या. तिसरा प्रश्न जरा जास्तच लागट होता, त्याला वीस लागल्या. बाहेरचा पट्टेवाला आत डोकावून गेला, कुणी मेलं की काय! चौथ्या प्रश्नाला वकिलांचाच तोल गेला. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "अरे, बोल ना लवकर!"

साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, जरा शांत व्हा. साक्षीदाराकडे बघून तरी शिका!"

त्या दिवशी चार प्रश्नांत उलटतपासणी संपली. बांध जिथे होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला आम्ही गिरणीत बसतोय तोच दारात कोण? तेच वकील! चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले.

नानांनी विचारलं, "या, या. तुम्हाला कसला त्रास?"

वकिलांनी धर्माकडे बोट केलं. "हा!"

\* \* \*

इंजिन चालवायला हसनमिया होते. पांढरी दाढी, खांद्यावर तेलकट फडकं. आम्ही पडवीत बसलेले असायचो तेव्हा ते मागे इंजिनाला तेलपाणी करायचे. पण इतक्या हलक्या हातानं की पान्याचा आवाज यायचा नाही. कुणीतरी एकदा त्यांना विचारलं, "मिया, तुम्ही ध्यानाला का बसत नाही?" ते म्हणाले, "मी पण बसलो तर तुम्हाला उठवणार कोण?"

एकदा पनवेलात एक बडे महाराज उतरले. रेशमी कफनी, पायात खडावा, बरोबर चार शिष्य. गिरणीमालकांना वाटलं, एवढे महाराज आलेत तर आपल्या गिरणीला पाय लागू देत. झालं, एका सकाळी महाराज आमच्या पडवीत! त्यांच्यासाठी तांदळाच्या पोत्यांची थप्पी लावून तिच्यावर गालिचा अंथरला होता. नाना खाली आमच्यात गोणपाटावर.

महाराजांनी सव्वासहाला प्रवचन सुरू केलं. विषय, चित्ताची स्थिरता. साडेसहा झाले, पावणेसात झाले, महाराज थांबेनात. हसनमिया दारात येऊन उभे राहिले. त्यांनी अदबीनं हात वर करून भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. बाहेर भाताच्या गाड्या येऊन लागल्या होत्या, बैल खोळंबले होते.

महाराजांनी त्यांच्याकडे हसून पाहिलं आणि तोच धागा पकडला. "अहो, ज्याचं चित्त स्थिर झालं त्याला वेळ कसली आणि आवाज कसला! आकाश कोसळू दे, तो जागचा हलणार नाही!"

हसनमियांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, परवानगी मिळाली. आत गेले आणि हँडल मारलं.

"धडाम!"

महाराज थप्पीवरून उडाले ते थेट डॉक्टर साठ्यांच्या मांडीत! एक खडाव कोंड्याच्या ढिगात गेली, ती शिष्यांना दुपारपर्यंत सापडली नाही.

हसावं की पाया पडावं कळेना. नानांनी उठून महाराजांना हात दिला, कफनीवरचा कोंडा झटकला आणि खऱ्या आपुलकीनं म्हणाले, "पहिली दोन-तीन वर्षं असं होतं."

\* \* \*

आता सुमतीबाईंचा किस्सा. हा सांगताना मला आधी जरा राग येतो, मग हसू येतं.

सुमतीबाई मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. अकाली विधवा, दोन मुली पदरात. डोकं असं दुखायचं की वर्गात खुर्चीला धरून उभ्या राहायच्या. नानांकडे यायला लागल्या आणि दुखणं हळूहळू कमी झालं. पण सकाळी सहाला एक विधवा बाई गिरणीत जाते म्हटल्यावर गाव गप्प बसेल? शाळेच्या कमिटीकडे निनावी पत्र गेलं. कमिटीनं ठरवलं, चौकशी करायची. काही आढळलं तर बाईंना नारळ!

चौकशीला नेमले बापूसाहेब. कडक माणूस. धोतराची निरी मोडलेली मी कधी पाहिली नाही.

बापूसाहेब एका सकाळी न सांगता आले. ते कशासाठी आलेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सुमतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या उठायला लागल्या तर नाना म्हणाले, "बसा. त्यांनाही बसू द्या." आणि बापूसाहेबांना म्हणाले, "इथे उभं राहिलेलं चालत नाही. बघायचं असेल तर बसून, डोळे मिटून बघा."

"डोळे मिटून चौकशी कशी करायची?" बापूसाहेब गुरकावले. पण बसले.

पावणेसातला इंजिन सुरू झालं. आम्ही उठलो. बापूसाहेब उठले नाहीत! पडवी हादरत होती, गाड्या खाली होत होत्या, हमाल आरडाओरडा करत होते. बापूसाहेब डोळे मिटून तसेच. कोंडा उडून उडून त्यांच्या मिशांवर, टोपीवर, कोटावर बसायला लागला. सुमतीबाई घाबरल्या. डॉक्टर साठ्यांनी लांबूनच छाती हलताना पाहिली आणि ओठांवर बोट ठेवलं.

बापूसाहेबांची थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी ते कमिटीच्या मीटिंगला वेळेवर हजर होते, असं गावात कौतुकानं सांगायचे.

आठ वाजता बापूसाहेबांनी डोळे उघडले. नखशिखांत पांढरे झालेले. त्यांनी विचारलं, "सुरू झालं का इंजिन?"

पुढच्या मीटिंगला त्यांनी रिपोर्ट वाचला. सुमतीबाई तिथेच होत्या, त्यांनी आम्हाला शब्दन् शब्द सांगितला. "आक्षेपार्ह काही आढळले नाही. तथापि चौकशी अपूर्ण आहे. मला रोज जावे लागेल!"

ही चौकशी पुढे नऊ वर्षं चालली.

\* \* \*

येसूबाई कोळीण बाजाराला जाता जाता गिरणीत टेकायची. मासळीची पाटी दाराशी ठेवायची आणि आमच्याबरोबर बसायची. तिचा नवरा दारू पिऊन घरी तमाशे करायचा. ती म्हणायची, "येवढा अर्धा तास माज्या कानांना सुटी!" सुरुवातीला पाटीच्या वासानं एक-दोघांनी नाकं मुरडली. नाना म्हणाले, "वास आला की वास आला म्हणून बघा. नाक तुमचं आहे, मासा तिचा आहे."

एक दिवस ध्यान चालू असताना दाराशी खुडखुड झाली. मग पाटीवरचं फडकं ओढल्यासारखा आवाज. मग मचमच. मला स्पष्ट कळलं, मांजर! पण उठणार कसा? इतकी वर्षं बसणारा माणूस मांजरासाठी डोळे उघडतो, हे दिसलं असतं ना सगळ्यांना! मी आणखी ताठ बसलो. मचमच चालूच.

इंजिन सुरू झालं. पाटी उघडी, खाडीतले दोन ताजे बोय गायब.

नानांनी विचारलं, "मांजर आलेलं कुणाकुणाला कळलं?"

डॉक्टर, वकील, बापूसाहेब, सुमतीबाई, धर्मा, मी. सगळ्यांचे हात वर! नानांनीही हळूच स्वतःचा हात वर केला.

"मग कुणी उठलं का नाही?"

शेवटी मीच म्हणालो, "ध्यान मोडलं असं दिसलं असतं."

येसूबाईनं कमरेवर हात ठेवले. "तुमचा ध्यान ऱ्हायला, माजं बोय गेलं! आनि तुमच्यात येकच जन खरा ध्यान करीत व्हता, तो मांजर!"

\* \* \*

हा अगदी छोटा, आणि घरचाच.

माझी धडधड दोन वर्षांत थांबली. घंटी वाजली तरी हात स्थिर. मला स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं. बायको रोज पहाटे पाच वाजता उठून मला चहा करून द्यायची, टोपी, छत्री हातात द्यायची, जवळजवळ ढकलूनच बाहेर काढायची. मी चारचौघांत सांगायचो, माझ्या साधनेत हिचा वाटा मोठा आहे.

एकदा पायात काटा गेला म्हणून घरी राहिलो. सव्वासहाला बघतो तर ही मागच्या पायरीवर पाय पसरून बसलेली. हातात चहाचा पेला, समोर नुसतं कुंपण. चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी नानांच्याही चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं!

मी लंगडत जवळ गेलो. "अगं, तूही ध्यान करतेस? मला कधी बोलली नाहीस! कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "तुम्ही गेलात की आपोआप होतं."

\* \* \*

आणि आता धर्माच्या वडिलांचा.

म्हातारबाबा ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर मिठागरावर उन्हात उभं राहून कातडी चामड्यासारखी झालेली. त्यांनी एकाएकी खाणं सोडलं, बोलणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. डॉक्टर साठ्यांनी दोनदा जाऊन पाहिलं. रोग सापडेना. धर्माला बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालंय. फार तर आठवडा. भेटायला येणाऱ्यांना कळव."

धर्मा गिरणीत आला आणि नानांचे पाय धरून बसला. "मास्तर, मना शांती दिलीत. जाताना माज्या बाबाला पन जराशी द्या. तो भिंतीकडंच बघतो."

नाना म्हणाले, "येतो."

रविवारी सकाळी बैलगाडीतून आम्ही तिघं निघालो. नाना, डॉक्टर आणि मी. खाडीच्या कडेकडेनं, मिठाच्या पांढऱ्या राशींमधून. घर कुडाचं, सारवलेलं. ओटीवर बायका बसलेल्या, एकदोघी आधीच डोळ्यांना पदर लावून. आत बाजेवर म्हातारा.

नाना खाली जमिनीवर बसले. "बाबा, मी नाना. धर्माचा मास्तर. डोळे मिटा."

"मिटलेलंच हायत," म्हातारा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. चार दिवसांतलं पहिलं वाक्य!

"आता श्वासाकडे लक्ष द्या. आत येतो, बाहेर जातो. नुसतं बघा."

म्हातारा म्हणाला, "तो आपला येतो नि जातो. त्याला राखन कशाला?"

डॉक्टरांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. नाना मात्र नेटानं पुढे गेले. "बरं, राहू दे. मनात काय येतंय ते बघा. आलं तर येऊ द्या, गेलं तर जाऊ द्या."

म्हातारा सावकाश कुशीवर वळला. बाज करकरली. त्यानं नानांकडे टक लावून पाहिलं. इतका वेळ, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुज्या मनान काय हाय?"

नाना हसले. "माझ्या? माझं काय! मी तर..."

आणि थांबले. हवेत एक रेघ काढायला उचललेला हात तसाच राहिला.

म्हाताऱ्यानं आमच्याकडे बघून हनुवटी उडवली. "यांना भायेर जाऊ दे."

आम्ही बाहेर ओटीवर येऊन बसलो. धर्माच्या बायकोनं कोरा चहा दिला. डॉक्टर घड्याळ बघत होते. आतून नानांचा आवाज येत होता, पण अगदी हळू, शब्द कळत नव्हते. मध्ये आवाज थांबायचा. मग म्हाताऱ्याचा एकच शब्द ऐकू यायचा, "मंग?" की नानांचा आवाज पुन्हा सुरू. पुन्हा थांबायचा. पुन्हा, "मंग?" असं तास-दीड तास चाललं. ओटीवरच्या बायका रडायचं विसरून कान लावून बसल्या होत्या. कुणालाच काही कळत नव्हतं.

मग आत एकदम शांत झालं. नाना बाहेर आले. आमच्याकडे न बघता सरळ विहिरीवर गेले, पोहरा ओढला आणि टोपीसकट डोक्यावर ओतला. दुसरा ओढला, तोही ओतला.

डॉक्टर धावत आत गेले, मी त्यांच्या मागे. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता आणि सुनेला विचारत होता, "सुकट हाय का घरान? पेज आन जरा."

परतताना गाडीत नाना ओलेचिंब, मांडीवर टोपी पिळत बसले होते. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला नेहमीसारखे गिरणीत हजर. आम्ही काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी ध्यान संपून आम्ही उठतोय तर गिरणीच्या दाराशी धर्माची बैलगाडी उभी. धर्मा खाली उतरला, टोपी हातात घेऊन. येसूबाईनं तोंडाला पदर लावला.

नाना पुढे झाले. "धर्मा, गेले का रे बाबा?"

"नाय हो! जेवतो हाय दोन टाइम. काल मिठागरावं जाऊन गड्यांवं वरडून आला."

"मग गाडी कशाला आणलीस?"

धर्मानं आमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. त्या आडदांड माणसाला बोलायची लाज वाटत होती.

"बाबानं धाडली. बोलला, मास्तराला घेऊन ये. त्याचा आजून अर्धा सांगायचा बाकी हाय."